कातकामाचा अंक आला

दिवाळी अंकाची वाट पाहणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. राशिभविष्याच्या पानाची वाट पाहणारी त्याहून जास्त. पण लाकूड कातणाऱ्यांच्या अंकाची वाट पाहणारी चार माणसे एका ठिकाणी बघायची असतील, तर रविवारी सकाळी बेळगावात अनगोळला आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये यावे लागेल. येताना चांगले कपडे घालू नयेत. भुसा उडतो.

चौघांची आधी ओळख करून देते. नावे घालत नाही, कारण पेपरात नाव आलेले त्यांना आवडणार नाही. किंवा फार आवडेल, आणि मग पुढच्या रविवारी नाश्त्याच्या बशा वाढतील. पहिले आमचे हे. उद्यमबागेत यांचे छोटे वर्कशॉप आहे. फौंड्रीतून आलेले कास्टिंग लेथवर चढवून मापाला आणून द्यायचे, हे काम. आठवड्याचे सहा दिवस लोखंड कातायचे आणि सातव्या दिवशी विश्रांती म्हणून लाकूड कातायचे! दुसरे दातांचे डॉक्टर. त्यांचे म्हणणे, दात काय आणि लाकूड काय, कोरायचे हात तेच. फक्त लाकूड ओरडत नाही. तिसरे निपाणीचे. घरची तंबाखूची वखार, आता व्यवहार मुलगा बघतो, त्यामुळे महिन्यातले दोन रविवार गाडी काढून बेळगावला येतात. चौथे मिस्त्री.

मिस्त्री हौशी नाहीत. पन्नास वर्षे हेच काम करून त्यांनी घर चालवले. त्यांचे वडील शहापूर-वडगावच्या हातमागांसाठी लाकडी बॉबिनी कातून द्यायचे. बॉबिनी प्लॅस्टिकच्या आल्या तेव्हा मिस्त्री लाटणी, रव्या, कुंकवाचे करंडे, पाळण्याची खेळणी, देव्हाऱ्याचे खांब, बाजेचे पाय, तबल्याचे गट्टे यांकडे वळले. मग रव्यांच्या जागी मिक्सर आला, बाजेच्या जागी लोखंडी कॉट आली, करंड्यांच्या जागी टिकल्यांची पाकिटे आली. लाटणे तेवढे टिकले, पण तेही आता मशीनवर शेकड्याने होऊन गाठोड्याने बाजारात येते. मिस्त्रींची दोन्ही मुले वेगळ्या नोकरीत आहेत. ते आमच्या शेडमध्ये पहिल्यांदा आले ते यांची मोटर बघायला. आले आणि दर रविवारी येत राहिले.

आता अंकाविषयी. अमेरिकेत १९८६ साली लाकूड कातणाऱ्यांची एक संघटना निघाली, अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स. मिनेसोटा राज्यात सेंट पॉल या गावी तिचे कार्यालय आहे. तिच्या तीनशेहून अधिक शाखा आहेत. सभासदांना ‘अमेरिकन वुडटर्नर’ नावाचे मासिक मिळते. मासिक म्हणायचे, पण अंक निघतात वर्षाला सहा. इंग्लंडमध्येही १९९० पासून ‘वुडटर्निंग’ नावाचे मासिक निघाले, ते लुईस या गावातून. निपाणीकरांची लेक नोकरीनिमित्त सेंट पॉलच्या शेजारी मिनियापोलिसला असते. वडिलांच्या वाढदिवसाला काय द्यावे हा प्रश्न तिने संघटनेची वर्गणी भरून कायमचा सोडवला. अंक तिच्या घरी जमा होतात आणि कुणी इकडे येणारा भेटला की दोन-तीन अंक एकदम निपाणीला पोचतात. म्हणजे तिकडचा उन्हाळ्याचा अंक आमच्याकडे थंडीत उघडला जातो. त्याने काही बिघडत नाही. लाकडाला शिळेपण नसते.

निपाणीकरांचा आदल्या रात्री फोन येतो, “अंक आलाय, उद्या घेऊन येतो.” दुसऱ्या दिवशी चौघे नेहमीपेक्षा अर्धा तास आधी हजर. लेथ बंद. कामाच्या टेबलावरचा भुसा फडक्याने झाडून तिथे वर्तमानपत्र अंथरले जाते आणि त्यावर अंक ठेवला जातो. हात धुतल्याशिवाय कुणी पान उलटायचे नाही, हा डॉक्टरांचा नियम. देवळातही आमच्याकडे इतका सोवळेपणा आता राहिलेला नाही.

पहिली फेरी फक्त चित्रांची असते. या फेरीत कुणी वाचत नाही. सभासदांनी केलेल्या वस्तूंचे फोटो हा त्या मासिकाचा जीव आहे, आणि या फोटोंपुढे मिस्त्री इतर तिघांच्या बरोबरीने बसतात. किंबहुना थोडे वरचढच, कारण फोटो बघून ही वस्तू आधी बाहेरून कातली की आतून, कुठे हत्यार थांबले, कुठे कागद जास्त घासून खोट झाकली, हे त्यांना दिसते. एकदा एका कटोऱ्याच्या फोटोवर सगळे थांबले. फिकट लाकडावर काळ्या बारीक रेघांची नक्षी, जणू कुणी बोरूने नकाशा काढलाय. डॉक्टर म्हणाले, रंगवलेय. मिस्त्रींनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, “रंगवलं न्हाई ओ. कुजकं लाकूड हाय हे!”

खरेच तसे होते. ओलसर जागी पडलेल्या ओंडक्यात बुरशी शिरते; दोन बुरशींच्या वसाहती जिथे भिडतात तिथे काळी रेघ उमटते. लाकूड पुरते मऊ होण्याआधी उचलले तर ते कातता येते. तिकडे अशा ओंडक्यांना फार भाव. लोक मुद्दाम ओली पाने घालून लाकूड कुजवायला ठेवतात. मिस्त्रींना हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पावसाळ्यात आंब्याचं असलं लाकूड मी आयुष्यभर चुलीत घातलं, वैनी.”

दुसऱ्या एका पानावर काठाला झाडाची साल तशीच ठेवलेला कटोरा होता. त्यावर मिस्त्रींचा अभिप्राय: “ह्याचं साल काढायचं राहिलं की!” सगळे हसले. पण पुढच्याच रविवारी ते पिशवीतून जांभळाचा एक तुकडा घेऊन आले आणि साल न निखळता काठ राखून दाखवला. फिरत्या लाकडात साल टिकवायची म्हणजे हत्यार वस्तऱ्यासारखे लागते आणि हात पिसासारखा. एका कडेला बोटभर साल निघाली. ती त्यांनी भुशात शोधून डिंकाने परत चिकटवली.

दुसरी फेरी वाचनाची. इथे माझी पाळी येते. तिघांना इंग्रजी येते, पण मिस्त्रींना मराठीतून सांगायचे तर “तुम्ही मराठी शिकवता ना, मग सांगा” असे म्हणून माझ्या हातात अंक दिला जातो. कॉलेजात एम. ए.च्या वर्गापुढे संतकाव्यावर बोलणे एकवेळ सोपे. तिरक्या धारेच्या हत्याराचा उतार फिरत्या लाकडाला टेकवून मग मूठ हळूहळू उचलायची, म्हणजे धार लाकडात शिरते, असा मजकूर तीन परिच्छेद चालला होता. मी तो नीट समजावून सांगितला. मिस्त्री म्हणाले, “म्हंजे पाठ टेकव, मग धार उठव.” तीन परिच्छेद पाच शब्दांत संपले.

तेव्हापासून मी वाचताना शेजारी वही ठेवते. हत्यार लाकडात अचानक रुतून झटका बसतो, त्याला इंग्रजीत एक खास शब्द आहे, मिस्त्री म्हणतात, “हत्यार चावतंय.” लाकूड मध्यावर बसले नाही आणि थरथरत फिरते, ते “लंगडतंय”. सुकताना गोल कटोरा लांबट होतो, त्याला ते “लाकूड बसलं” म्हणतात, आणि त्यात नाराजी नसते. माणूस दमून बसावा तसे. हत्यार टेकवायच्या पट्टीला “टेकू”. हे शब्द त्यांना वडिलांकडून मिळाले, वडिलांना कुणाकडून ते त्यांना सांगता येत नाही. शिकवताना शब्द तोंडात आला, एवढेच.

मूळ शब्द ‘कातणे’. सूत कातणे आणि लाकूड कातणे, दोन्हींना मराठीत एकच क्रियापद. हे काम करणारा तो कातारी, आणि त्याने केलेले ते कातीव. शहापूर-वडगावात, जिथे गल्लीत पूर्वी मागाचा खडखडाट थांबत नसे, तिथे या दोन कातण्यांचे नाते कुणाला समजावून सांगावे लागले नसेल, कारण एकाच्या बॉबिनीवर दुसऱ्याचे सूत चढायचे. आमच्या शेजारच्या शेडमधला मुलगा घरी कन्नड बोलतो, त्याच्याकडे या कामाला कडसलु म्हणतात. उर्दू बोलणारे कारागीर खराद म्हणतात. उद्यमबागेत सगळे मिळून लेथच म्हणतात. सीमाभागात एका वस्तूला चार नावे असणे ही आम्हाला नवलाची गोष्ट नाही. नवल इतकेच की या चारांतले एकही नाव पुस्तकात शिरण्याआधी ते घेणारी माणसे कमी होत चालली आहेत.

परदेशी अंकाचे कौतुक करताना हेही सांगितले पाहिजे की त्यातले निम्मे सल्ले इथे चालत नाहीत. तिकडचे लाकूड मेपल, चेरी, अक्रोड. इथे आंबा, फणस, जांभूळ, बाभूळ, शिवण, चिंच. तिकडच्या थंडीत हवा कोरडी असते, तेव्हा ओला कटोरा कागदी पिशवीत घालून हळूहळू सुकवा असे अंक सांगतो. बेळगावच्या जुलै महिन्यात कागदी पिशवीत ठेवलेला कटोरा सुकत नाही, त्याला केस येतात! पहिल्या वर्षी निपाणीकरांचे सहा कटोरे असे हिरवे झाले. मिस्त्रींचा रिवाज वेगळा: पावसाळ्यात मोठे ओले काम धरायचेच नाही. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना मेण फासून तो सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवायचा, आणि दसऱ्यानंतर हात लावायचा. लाकडातले पाणी उभ्या रेषेने, म्हणजे कापलेल्या तोंडातून सगळ्यात लवकर निघते आणि तिथेच चीर पडते. म्हणून मेण तोंडांना, अंगाला नाही. मेणाची गोष्ट अंकातही आहे. दसऱ्याची अर्थातच नाही.

काही बाबतींत मात्र अंकाने मिस्त्रींनाही जिंकले. एक म्हणजे तोंडावरची ढाल. फिरत्या लाकडाचा तुकडा निखळला तर तो गोफणीतल्या दगडासारखा येतो. मिस्त्रींच्या डाव्या भुवईवर जुना व्रण आहे, बाभळीच्या तुकड्याचा. अंकात दर खेपेला चेहरा झाका, सैल बाह्या आणि हातमोजे घालू नका, धूळ छातीत जाऊ देऊ नका, असे इतके बजावलेले असते की आधी सगळे चेष्टा करायचे. आता मिस्त्रीच पारदर्शक ढाल लावल्याशिवाय कुणाला लेथ सुरू करू देत नाहीत. दुसरी गोष्ट वेगाची. इंचात मोजलेला व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवावा, असा तिकडचा ढोबळ नियम आहे. म्हणजे दहा इंची कटोऱ्याला मिनिटाला ६०० ते ९०० फेरे, आणि दोन इंची लाटण्याला ३००० पासून पुढे. यांनी पुलीच्या तीन खाचांचे वेग काढून तक्ता भिंतीवर लावला. मिस्त्री वेग कानाने ओळखतात. तक्त्याशी ताडून पाहिले तेव्हा त्यांचा कान बहुतेक वेळा नियमात बसला. त्यांना आनंद झाला तो तक्ता बरोबर निघाल्याचा.

एका मुद्द्यावर अजून वाद आहे. जुन्या कानशीपासून हत्यार घडवू नका, ती ठिसूळ असते, चावली की तुटून उडेल, असे अंक सांगतो. तिकडे एका चांगल्या गोल पटाशीला शंभर डॉलरच्या आसपास पडतात. मिस्त्रींची सगळी हत्यारे कानशी आणि ट्रकच्या पाट्यांपासून केलेली. ते म्हणतात, कानस तशीच घासून वापरणारा मरणारच. आधी लाल करून राखेत निवू द्यायची, मग घडवायची, मग पुन्हा पाणी द्यायचे आणि शेवटी थोडा कडकपणा काढायचा. आमचे हे लोखंडातले, त्यामुळे यांनी मिस्त्रींची बाजू घेतली. डॉक्टरांनी अंकाची घेतली. निपाणीकरांनी लेकीला सांगून एक पटाशी मागवली, ती सगळे आळीपाळीने वापरतात. मिस्त्रीसुद्धा. चांगली आहे म्हणतात. स्वतःची सोडत नाहीत.

आता एक अवघड प्रसंग लिहायचा आहे. डॉक्टरांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी स्वतः कातलेली एकावन्न लाटणी बायकांना भेट दिली. सुरेख झाली होती, प्रत्येकीने विचारले कुठून आणली. पुढच्या रविवारी मिस्त्रींनी त्यातले एक हातात घेतले, तळव्यावर फिरवले. “मधी जरा जाड ठेवायचं, डॉक्टर. म्हंजे पोळी आपली आपण फिरती.” आणि मग लाटणे टेबलावर ठेवत सावकाश म्हणाले, “एकावन्न म्हंजे माझी दोन दिवसाची मजुरी हुती.”

शेडमध्ये कुणी काही बोलले नाही. हौसेने केलेली वस्तू फुकट देता येते, कारण पोट दुसरीकडे भरलेले असते. तीच वस्तू करून पोट भरणाऱ्याच्या शेजारी बसून ती फुकट वाटली, तर त्याला आपल्या कामाची किंमत शून्य झालेली दिसते. डॉक्टर मनाने मोठे. त्या दिवसापासून शेडमध्ये ठरले की लाटणे, पोळपाट, रवी ही मिस्त्रींची. कुणी विचारले तर मिस्त्रींचा पत्ता द्यायचा, आणि भाव मिस्त्री सांगतील तो. हौशी मंडळींनी कटोरे करावेत, फुलदाण्या कराव्यात. वर्षाकाठी काही लाटणी अशी जातात. फार नाहीत. त्यातून सगळे भागले असे मी लिहिणार नाही.

मिस्त्रींनी पैशाची तक्रार पुन्हा काढली नाही. त्यांनी विचारले ते वेगळेच. अंक चाळता चाळता म्हणाले, “वैनी, असलं पुस्तक मराठीत का निघत न्हाई?”

उत्तर देताना मला आमच्या आजोबांच्या कपाटाची आठवण आली. त्यात नागपूरच्या ‘उद्यम’ मासिकाचे बांधलेले खंड होते. शेतीबागाईत, छोटे धंदे, कलाकुसर, घरी करून बघायच्या कृती. आजोबा शाळामास्तर. त्यांनी त्यातले वाचून शाई केली, साबण करायचा प्रयत्न केला, आणि त्या साबणाने आजीचे एक लुगडे कायमचे बदलून गेले असे घरात सांगत. पण ते वाचत होते, आणि हाताने करूनही बघत होते.

लेथ आणि मासिक ही जोडी तर याच मातीतली. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंचे सायकलीचे दुकान निघाले ते बेळगावात. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांची सुरुवातही इथली. पुढे १९१० साली औंध संस्थानात जाऊन त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९२० साली त्या कारखान्याच्या गावातून ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. संपादक शंकरराव किर्लोस्कर, स्वतः चित्रकार. कारखान्याची खबर देणारे पत्रक वाढत वाढत महाराष्ट्राच्या घराघरातले ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ त्याला येऊन मिळाले. त्याच घराण्याने १९४१ साली हरिहरला लेथचा कारखाना काढला. तो कारखाना बंद पडला तरी उद्यमबागेत हरिहरच्या लेथ अजून चालतात. यांच्या वर्कशॉपमध्येच एक आहे. नांगर करणाऱ्याला मासिक काढावेसे वाटले, याचा मला नेहमी अचंबा वाटतो. वस्तू विकायची तर ती वापरणारा माणूस वाचता-विचार करता हवा, असे काहीतरी त्यामागे असणार.

आज स्टॉलवर उभे राहिले तर शेतीची मासिके दिसतात, पाककृतींची दिसतात, स्पर्धा परीक्षांची तर रास असते. सुताराच्या हातात द्यावा असा अंक दिसत नाही. आम्ही मराठीची माणसे दरवर्षी भाषेची काळजी करतो. सीमाभागात तर जरा जास्तच, आणि ती रास्त आहे. पण आमच्या चर्चासत्रांत ‘लाकूड बसलं’ हा शब्दप्रयोग मी कधी ऐकला नाही. तो ऐकायला मला माझ्याच घराच्या मागच्या दाराने बाहेर पडावे लागले.

मिस्त्रींच्या प्रश्नाचे शेडमध्ये झालेले उत्तर असे, की आपणच आठ पाने काढून बघू. झेरॉक्सची, मधोमध टाचलेली. डॉक्टरांनी खर्च उचलला, यांच्याकडे आकृत्या, माझ्याकडे लेखन. पहिला लेख ‘पाठ टेकव, मग धार उठव’. तो झाला आहे. दुसरा मिस्त्रींच्या वडिलांच्या कमानीच्या लेथविषयी. दोन खुंट्यांमध्ये टोकदार खिळ्यांवर लाकूड अडकवायचे, त्याला दोरीचा वेढा, दोरी कमानीसारख्या काठीला बांधलेली. एका हाताने कमान पुढे-मागे ओढायची, दुसऱ्या हाताने पटाशी धरायची आणि पायाच्या बोटांनी तिचे पाते स्थिर ठेवायचे. लाकूड एकदा पुढे फिरते, एकदा मागे. पुढे फिरताना कापायचे, मागे फिरताना हत्यार सैल सोडायचे. मिस्त्री हे जमिनीवर बसून करून दाखवत होते तेव्हा निपाणीकरांनी फोटो घेतले. ते मराठी पानांत तर येतीलच, इंग्रजी करून सेंट पॉललाही पाठवायचे आहेत. आपला फोटो तिकडे जाणार म्हटल्यावर मिस्त्रींनी दुसरा सदरा घालून पुन्हा फोटो काढायला लावले.

तिसरा लेख लाखेच्या कामाचा. मिस्त्रींनी तरुणपणी दोन वर्षे सावंतवाडीला चितार आळीत काढली. तिथल्या लाकडी खेळण्यांची लाख ते अजून लावतात: रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबायची, घासून तापते, वितळते आणि लाकडावर बसते; मग केवड्याच्या पानाने घासत ती सारखी करायची. ब्रश नाही, वास मारणारे पातळ द्रव्य नाही. चन्नपट्टणचे खेळणीवाले दक्षिण कर्नाटकात हेच करतात. केवड्याचे पान आंबोली घाट उतरून आणावे लागते, त्यामुळे हा लेख पावसाळा संपेपर्यंत थांबला आहे.

चौथा लेख अडला आहे, आणि त्यासाठी वाचकांची मदत हवी. आपल्या भागातली कातायला चांगली लाकडे, त्यांच्या स्थानिक नावांसह, अशी यादी करायची आहे. मिस्त्रींच्या वडिलांच्या बॉबिनी हेदूच्या असत. हळदीसारखे पिवळे, बारीक रेषेचे लाकूड, कुणी त्याला हळदू म्हणतात, कन्नडमध्ये अरिशिणतेग. इथवर पटले. चन्नपट्टणची खेळणी ज्या हस्तिदंती लाकडाची होतात ते कन्नडमध्ये हाले. मराठीत तोच काळा कुडा. पण लाकूड पांढरेशुभ्र असल्याने आमच्याकडे काही जण त्याला पांढरा कुडा म्हणतात, आणि पांढरा कुडा हे तर निराळेच झाड आहे. खानापूरकडचे एक सांगतात, निपाणीकरांच्या गावाकडचे दुसरे. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी या बाजूला या झाडाला काय म्हणतात, आणि त्याची पूर्वी कुणी काय वस्तू करीत असे, हे कुणाला ठाऊक असेल तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावे. पानाचा किंवा शेंगेचा नमुना वर्तमानपत्रात दाबून पाठवला तर फारच बरे.